विश्लेषण : तलवार आहे, पण काम नाही! ‘सामुराई चाम्पलू’ या जपानी मालिकेतले भटके सामुराई इतिहासात कोण होते?

रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणारी किंवा कोड लिहिणारी मुले हल्ली कानात एक ठरावीक संगीत लावून बसतात. संथ ताल, जुन्या जॅझ रेकॉर्डवरून उचललेला पियानोचा तुकडा आणि मागे सुईची हलकी खरखर. यूट्यूबवर ‘लो-फाय’ नावाने चोवीस तास वाजणाऱ्या या संगीताचा एक महत्त्वाचा धागा २००४ मधल्या एका जपानी ॲनिमेशन मालिकेपर्यंत जातो. मालिकेचे नाव ‘सामुराई चाम्पलू’. जुन्या जपानमध्ये पोटासाठी भटकणारे दोन तलवारबाज आणि त्यांना सोबत घेऊन निघालेली एक मुलगी, एवढीच तिची गोष्ट. पण तलवारबाजी आणि हिप-हॉप यांचा मेळ कसा बसला, असे बेकार सामुराई खरोखर होते का आणि या गोष्टीचा गोव्याशी काय संबंध, याविषयी…

मालिका नेमकी काय आहे?

‘सामुराई चाम्पलू’चा पहिला भाग मे २००४ मध्ये जपानच्या फुजी टीव्हीवर दाखवला गेला. एकूण भाग २६. त्यातले १७ भाग त्याच वर्षी आले आणि उरलेले ९ भाग २००५ च्या सुरुवातीला. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे. १९९८ मधल्या ‘काउबॉय बीबॉप’ या अंतराळातल्या भाडोत्री शिकाऱ्यांच्या मालिकेमुळे त्यांचे नाव जगभर झाले होते. त्या मालिकेचा पाया जॅझ होता, या मालिकेचा हिप-हॉप. निर्मिती ‘मँग्लोब’ या तेव्हा नव्याने उभ्या राहिलेल्या स्टुडिओची. ही त्या स्टुडिओची पहिलीच मालिका.

कथेची सुरुवात एका चहाच्या दुकानात होते. तिथे काम करणारी १५ वर्षांची फू, दंगेखोर आणि बेफिकीर मुगेन आणि चष्मा लावणारा, मोजकेच बोलणारा जिन हे तिघे एकाच दिवशी एकमेकांसमोर येतात. मुगेन आणि जिन यांची जुंपते, दुकान जळते आणि दोघांना मृत्युदंड सुनावला जातो. फू त्यांना सोडवायला मदत करते, पण तिची एक अट असते. ‘सूर्यफुलांचा वास येणारा सामुराई’ शोधायला त्यांनी तिच्याबरोबर यायचे आणि तो सापडेपर्यंत एकमेकांना मारायचे नाही. सूर्यफुलाला सांगण्यासारखा वास नसतो आणि त्या माणसाचे नावगावही ठाऊक नाही. पत्ता नसलेल्या माणसाच्या शोधात तिघे चालू लागतात. वाटेत खिसा रिकामा आणि पोट त्याहून रिकामे.

‘चाम्पलू’ म्हणजे काय?

हा शब्द जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटांवरचा. मूळ उच्चार ‘चाम्पुरू’ असा आणि अर्थ ‘मिसळलेले’. तिथल्या एका घरगुती पदार्थाचेही हेच नाव आहे. कारल्याच्या चकत्या, टोफू, अंडे आणि डुकराचे मांस एकत्र परतून केलेला ‘गोया चाम्पुरू’ हा ओकिनावाच्या रोजच्या जेवणातला पदार्थ. गोया म्हणजे आपले कारलेच.

नाव ओकिनावाचे असण्यामागे कारण आहे. ओकिनावा पूर्वी जपानचा भाग नव्हता, तिथे र्युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा संस्थानाने त्यावर स्वारी केली. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे हे राज्य एकीकडे चीनला आणि दुसरीकडे सात्सुमाला नजराणे पाठवत तगून राहिले. १८७९ मध्ये जपानने ते पूर्णपणे खालसा केले. मालिकेतला मुगेन याच बेटांवरचा. मनगटांवर आणि घोट्यांवर निळ्या गोंदणाची कडी, अक्षरओळख नाही आणि तलवारबाजीचे रीतसर शिक्षणही नाही. त्याचे लढणे ब्रेकडान्ससारखे दिसते, कारण ते कुठल्याच घराण्याचे नाही. समोरचा जिन मात्र नावाजलेल्या गुरूच्या आखाड्यातला. घराण्याची शिस्त आणि रस्त्यावरची अक्कल यांची मिसळ हाच मालिकेचा पाया आहे.

‘रोनिन’ कोणाला म्हणत?

जपानी भाषेत ‘रोनिन’चा शब्दशः अर्थ लाटांवर वाहत जाणारा माणूस. ज्याचा धनी गेला किंवा ज्याला धन्याने काढून टाकले, असा सामुराई म्हणजे रोनिन. हे समजून घ्यायचे तर सामुराईचा पगार कसा होत असे ते पाहावे लागते. सामुराई सरदाराच्या पदरी असे आणि त्याचे वेतन तांदळात मोजले जाई. त्याचे माप ‘कोकू’. एक कोकू म्हणजे सुमारे १५० किलो तांदूळ, एका माणसाला साधारण वर्षभर पुरेल एवढा. सरदाराचे संस्थान गेले की त्याच्या पदरच्या सगळ्यांचा तांदूळ एका दिवसात बंद होई.

आणि संस्थाने जात होती. १६०० मधल्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावा घराण्याने जपानवर पकड बसवली. १६०३ पासून १८६८ पर्यंतचा हा काळ एदो काळ म्हणून ओळखला जातो. सुरुवातीच्या पन्नास वर्षांत या राजवटीने विरोधी सरदारांची आणि वारस नसलेल्या सरदारांची संस्थाने धडाधड जप्त केली. रस्त्यावर आलेल्या रोनिनांच्या संख्येचे अंदाज काही लाखांपर्यंत जातात. त्यातच मोठी युद्धे थांबली. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडल्यानंतर आणि १६३८ मध्ये शिमाबाराचे बंड मोडल्यानंतर देशात दोन शतके जवळपास शांतता होती. लहानपणापासून एकच विद्या शिकलेल्या माणसांच्या त्या विद्येला बाजारच उरला नाही.

काही जण सावकारांचे आणि जुगारअड्ड्यांचे अंगरक्षक झाले, काहींनी मुलांना लिहायला-वाचायला शिकवले, काहींनी शेती धरली. कागदी छत्र्या बनवून गुजराण करणारा सामुराई हे तर जपानी नाटक-सिनेमातले नेहमीचे चित्र. अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये शेतकरी भाताच्या जेवणावर लढवय्ये नेमतात, ते रोनिनच. आपल्या ‘शोले’ची मुळे ज्या चित्रपटात शोधली जातात, तो हाच.

आजच्या जपानमध्येही हा शब्द जिवंत आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत अपयश आल्यावर वर्षभर थांबून पुन्हा तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे रोनिन म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘ड्रॉप घेतला’ म्हणतात. पदवी एका शाखेची आणि काम भलत्याच क्षेत्रात, अशी गत झालेल्या इंजिनीअरांना (त्यात प्रस्तुत लेखकही आला) या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बेकार सामुराईंबाबत सरकारने काय केले?

बराच काळ फक्त बंदोबस्त. रोनिनांवर लक्ष ठेवणे, त्यांना शहरांबाहेर हुसकणे हेच धोरण होते. त्याला धक्का बसला १६५१ मध्ये. त्या वर्षी शोगुन इएमित्सू मरण पावला आणि गादीवर दहा वर्षांचा मुलगा आला. ही संधी साधून युई शोसेत्सू नावाच्या युद्धशास्त्राच्या शिक्षकाने रोनिनांना हाताशी धरून एदो शहराला, म्हणजे आजच्या टोकियोला, आग लावून किल्ला ताब्यात घेण्याचा कट रचला. कट फुटला, युईने आत्महत्या केली, साथीदारांना देहदंड झाला.

महत्त्वाचे आहे ते त्यानंतर घडले ते. रोनिनांची भरती नेमकी कुठून होते याकडे राजवटीने पाहिले. निपुत्रिक सरदाराला मरणशय्येवर दत्तक घेता येत नसे, त्यामुळे त्याचे संस्थान जप्त होई आणि हजारो सामुराई बेकार होत. १६५१ मध्ये हा नियम शिथिल केला गेला. दत्तक नामंजूर म्हणून संस्थान खालसा होणे म्हणजे काय, हे सातारा आणि झाशीचा इतिहास वाचलेल्यांना माहीत आहे. जपानमध्ये मात्र बंडाच्या भीतीने नियम उलट्या दिशेने बदलला.

मालिकेत हा कट येत नाही, पण त्यामागची अस्वस्थता जिनच्या कहाणीत आहे. त्याच्या गुरूच्या आखाड्यात मारेकरी तयार करावेत, असा प्रस्ताव सत्तेशी जवळीक असलेल्या माणसाकडून येतो. युद्धे संपलेल्या काळात तलवार शिकवणाऱ्या शाळेने काय करायचे, हा त्यामागचा प्रश्न. त्यातून जे घडते त्यामुळे जिनवर गुरुहत्येचा डाग लागतो आणि तो रस्त्यावर येतो.

सामुराईच्या गोष्टीत हिप-हॉप कशासाठी?

ही नुसती चमकोगिरी वाटू शकते. मालिकेत रॅप करणारा सामुराई आहे, तोंडाने ताल वाजवणारे लोक आहेत, भिंती रंगवणारी टोळी आहे. दृश्य बदलताना रेकॉर्ड मागे खेचल्याचा आवाज येतो. पण जपान आणि हिप-हॉप यांचे नाते या मालिकेपेक्षा जुने आहे आणि ते यंत्रांचे आहे.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क याने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलांवर लावून गाण्यातला फक्त तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला सुरुवात केली. पुढे डीजे रेकॉर्ड हाताने मागे-पुढे ओढू लागले. बहुतेक टर्नटेबलांत मोटर बाजूला असे आणि रबरी पट्ट्याने तबकडी फिरवली जाई. हाताने रोखली की पट्टा घसरे आणि वेग पुन्हा पकडायला वेळ लागे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने ‘टेक्निक्स’ या नावाने १९७२ मध्ये आणलेल्या ‘एसएल-१२००’ या टर्नटेबलात पट्टाच नव्हता. तबकडी थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेली असल्याने हात सोडताच ती जवळपास लगेच पूर्ण वेगाने फिरे. घरात शांत बसून उत्तम संगीत ऐकणाऱ्यांसाठी बनवलेले हे यंत्र पुढे डीजेंचे मुख्य हत्यार झाले. त्यानंतरची रोलँडची ‘टीआर-८०८’ आणि अकाईची ‘एमपीसी’ ही हिप-हॉपचा आवाज घडवणारी यंत्रेही जपानीच.

थोडक्यात, एका कामासाठी बनलेली वस्तू दुसऱ्याच कामाला लावायची आणि जुन्या तुकड्यांतून नवे काही जोडायचे, ही हिप-हॉपची रीत. धनी गेलेल्या तलवारबाजांनाही जगण्यासाठी हेच करावे लागते. म्हणून हा मेळ वरवरचा वाटत नाही.

लो-फाय संगीताशी संबंध कसा?

मालिकेच्या संगीतासाठी वातानाबे यांनी एका संगीतकाराऐवजी हिप-हॉपमधले अनेक जण एकत्र आणले. त्सुची, फोर्स ऑफ नेचर, अमेरिकेचा फॅट जॉन आणि नुजाबेस. यातल्या नुजाबेसचे खरे नाव जुन सेबा. रोमन लिपीत लिहिलेले आडनाव आणि नाव उलट्या बाजूने वाचले की ‘नुजाबेस’ तयार होते. टोकियोच्या शिबुया भागात त्याचे रेकॉर्ड विकण्याचे दुकान होते. जॅझच्या जुन्या तुकड्यांवर मऊ ताल बसवण्याची त्याची शैली मालिकेमुळे जपानबाहेर पोहोचली. शीर्षकगीताचे संगीत त्याचे आणि त्यावरचा रॅप शिंगो-टू या कलाकाराचा.

मे २००५ पासून अमेरिकेतल्या ‘ॲडल्ट स्विम’ या रात्रीच्या वाहिनीपट्ट्यावर मालिका दाखवली जाऊ लागली आणि तिथल्या एका पिढीच्या कानावर हे संगीत पडले. पुढे घरच्या संगणकावर ताल तयार करणाऱ्या मुलांनी त्याचा धागा उचलला. फेब्रुवारी २०१० मध्ये टोकियोत झालेल्या रस्ते अपघातात नुजाबेसचा मृत्यू झाला. वय अवघे ३६. त्याच्या संगीताभोवती पुढे उभे राहिलेले लो-फायचे विश्व त्याला पाहायला मिळाले नाही.

गोव्याचा धागा कुठे आहे?

सूर्यफुलांच्या सामुराईचे रहस्य इथे फोडत नाही, पण त्याचा माग नागासाकीकडे, इकित्सुकी या बेटाकडे जातो, एवढे सांगायला हरकत नाही. हा परिसर ‘लपलेल्या ख्रिस्तींचा’. आणि या इतिहासाची सुरुवात गोव्यातून होते.

१५४२ मध्ये गोव्यात आलेल्या फ्रान्सिस झेवियरची १५४७ मध्ये मलाक्का इथे अंजिरो नावाच्या जपानी माणसाशी भेट झाली. मायदेशातून पळून आलेल्या अंजिरोला गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकवले गेले आणि १५४८ मध्ये गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या वर्षी दोघे गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. कागोशिमा म्हणजे पुढे र्युक्यूवर स्वारी करणाऱ्या सात्सुमाचीच भूमी. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारला. त्याचे अवशेष जुन्या गोव्यातल्या बॉम जिझस बॅसिलिकात आहेत. दर दहा वर्षांनी होणारा शवप्रदर्शन सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झाला, तो याच झेवियरचा.

जपानमध्ये १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. १६३७ मध्ये शिमाबारा आणि अमाकुसा इथले शेतकरी जबर कर आणि छळ यांना कंटाळून उठले. त्यांच्यात अनेक रोनिन होते. नेता अमाकुसा शिरो हा किशोरवयीन मुलगा. हारा किल्ल्यात शिरलेल्या सुमारे ३७ हजार बंडखोरांतले जवळपास सर्व जण १६३८ मध्ये मारले गेले. उरलेल्या ख्रिस्तींनी दोनशेहून अधिक वर्षे धर्म लपवून ठेवला. येशू किंवा मेरीची प्रतिमा पायदळी तुडवायला लावून अधिकारी लोकांची परीक्षा घेत. बंदी उठली ती १८७३ मध्ये. इकित्सुकीवर लॅटिन, पोर्तुगीज आणि जपानी शब्द मिसळलेल्या ‘ओराशो’ नावाच्या प्रार्थना तोंडपाठ करून जपल्या गेल्या. नागासाकी परिसरातली या समाजाची ठिकाणे २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

मालिकेत या इतिहासाचा गंभीर भाग आहे आणि थट्टाही. एका भागात झेवियरचा वंशज म्हणून मिरवणारा तोतयाही भेटतो.

मग मालिकेतला इतिहास खरा किती?

हा अचूक इतिहास नाही, गप्प बसून पाहा, अशा अर्थाची पाटी सुरुवातीलाच येते. अमेरिकी खलाशांशी बेसबॉलचा सामना, मेलेल्यांचे चालते-फिरते सांगाडे, असले भाग शुद्ध कल्पनाविलास आहेत. पण वरचा थर खरवडला की खाली पक्की जमीन लागते. हाकोनेचा नाका खरा आहे. एदो आणि क्योतो जोडणाऱ्या तोकाइदो मार्गावर परवान्याशिवाय तो ओलांडता येत नसे. एदोत शिरणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया यांच्यावर तिथे विशेष नजर असे, कारण सरदारांची कुटुंबे एदोत ओलीस असल्यासारखी ठेवलेली असत.

जिन वाम माशांच्या दुकानात राबत असताना त्याला शिनो ही स्त्री भेटते. नवऱ्याच्या कर्जापायी तिला कोठ्यावर जावे लागते आहे. तिच्यासमोर एकच वाट असते, ती म्हणजे घटस्फोट मिळवून देणारा मठ. हीसुद्धा कल्पना नाही. कामाकुरातल्या तोकेइजी मठात आश्रय घेऊन ठरावीक वर्षे राहिलेल्या स्त्रीला विवाहातून मोकळीक मिळत असे. नवऱ्याला मात्र काडीमोडाचे एक छोटेसे पत्र पुरे.

मुलांनी पाहावी का?

कार्टून आहे म्हणून लहान मुलांसमोर लावू नये. रक्तपात, वेश्याव्यवसाय, अमली पदार्थ सगळे आहे. थोरल्या मुलांसोबत पाहायची तर सुरुवातीच्या दोन भागांत तिची प्रकृती कळते. बहुतेक भाग एक-दोन बैठकांत संपणाऱ्या स्वतंत्र गोष्टी आहेत, पण शेवटचे तीन भाग सलग पाहावेत.

वीस वर्षांनंतरही ती का टिकली?

मालिका घडवणाऱ्यांचीही वाताहत झाली. नुजाबेस गेला. मँग्लोब स्टुडिओ २०१५ मध्ये दिवाळखोरीत निघाला आणि तिथले कलाकार नव्या धन्याच्या शोधात पांगले. जपानमधले अनेक ॲनिमेटर आजही कायम नोकरीवर नसतात, चित्रागणिक मोबदल्यावर या स्टुडिओतून त्या स्टुडिओत फिरतात. भटक्या कारागिरांनीच भटक्या तलवारबाजांची गोष्ट काढली, असे म्हणता येईल.

सामुराईंची बहुतेक लोकप्रिय गोष्ट निष्ठेची असते. १७०३ मध्ये धन्याचा सूड घेणाऱ्या ४७ रोनिनांची कथा जपानने शेकडो वेळा सांगितली. ‘चाम्पलू’तल्या दोघांना सूड घ्यायला धनीच नाही. त्यांच्याजवळ आहे ती फक्त हातातली कला, रोजची भूक आणि एका मुलीला नाणेफेकीत दिलेला शब्द. खऱ्या इतिहासात १८७६ मध्ये सरकारने तलवार बाळगायलाच बंदी घातली आणि सामुराईंचे वेतन कायमचे मोडीत काढले. जिन आणि मुगेन त्याच्या आधीच हे शिकलेले असतात. मालिकेत मुगेन वयाच्या विशीत, शिव्या खात, अक्षरे गिरवायला शिकतो आणि त्याच भागात किल्ल्याच्या भिंतीवर आपली खूण उमटवतो. तलवारीचा त्या भिंतीशी काही संबंध नसतो.